रानगुलाबाचं लाल बोंड

सियाचीन म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पांढऱ्या पोशाखातले जवान, निळसर बर्फाचे कडे, हाडं गोठवणारी थंडी आणि बातम्यांमधली तिरंग्यात लपेटलेली एखादी शवपेटी. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गेले. त्यांतला एक सातारा जिल्ह्यातला होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना हे नाव माहीत झालं ते अशाच बातमीतून.

पण या नावाचा मूळ अर्थ ऐकला तर क्षणभर विश्वास बसत नाही. बाल्टी आणि लडाखी बोलींत 'सिया' म्हणजे रानगुलाब आणि 'चेन' म्हणजे ज्या जागी एखाद्या गोष्टीची रेलचेल आहे ती जागा. सियाचीन म्हणजे गुलाबांची जागा! सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या त्या बर्फाच्या नदीवर अर्थातच गुलाब उगवत नाहीत. तिथं गवताचं पातंही टिकत नाही. गुलाब आहेत ते हिमनदी जिथं संपते तिथून खाली, नुब्रा नदीच्या खोऱ्यात. खालच्या गावांतल्या माणसांनी आपल्या दाराशी काय फुलतं ते पाहून वरच्या बर्फाला नाव दिलं. आपल्याकडे नाही का, पायथ्याच्या वडावरून किंवा आंब्यावरून अख्ख्या डोंगराला नाव पडतं, तसंच.

हा अर्थ काही अलीकडे लागलेला नाही. १९१२ साली फॅनी बुलक वर्कमन नावाच्या अमेरिकन बाई नवऱ्याला बरोबर घेऊन या हिमनदीवर चढल्या. (नवरा बाईंना घेऊन चढला असं लिहायची पद्धत आहे, पण या जोडप्याच्या बाबतीत ते खरं ठरणार नाही.) बाईंचं वय तेव्हा ५३ वर्षांचं. त्याआधी दोघांनी हिंदुस्थानभर सायकलवरून प्रवास केलेला. सियाचीनच्या वरच्या अंगाला, सुमारे २१ हजार फुटांवर, बाईंनी 'स्त्रियांना मताधिकार द्या' असं लिहिलेलं वृत्तपत्र हातात धरून फोटो काढून घेतला. पुढे १९१४ साली लंडनच्या भूगोलविषयक नियतकालिकात या नवराबायकोनं मोहिमेचा अहवाल छापला, त्याच्या मथळ्यातच 'सियाचीन अथवा गुलाब हिमनदी' असे शब्द होते.

मग एप्रिल १९८४ आला. भारतीय सैन्यानं 'ऑपरेशन मेघदूत' हाती घेतलं आणि तेव्हापासून तिथं बारा महिने माणसं पहारा देत आहेत. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली, तोफा थांबल्या, पहारा थांबला नाही. तिथं गोळीपेक्षा थंडीनं, विरळ हवेनं आणि हिमकड्यांनी जास्त माणसं नेली आहेत. मुंबईचे गिर्यारोहक हरीश कपाडिया यांनी हा सारा मुलूख पायांखाली घातला आणि या हिमनदीवर २०१० साली पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात त्यांनी लढाई आणि गुलाब हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले. स्वतःचा तरुण लष्करी अधिकारी मुलगा त्यांनी २००० साली काश्मीरमध्ये गमावला होता. सियाचीन हे दोन्ही देशांचं मिळून शांतता उद्यान व्हावं, असं हा बाप सांगत आला आहे.

पाच पाकळ्यांचं फूल

नुब्रा खोऱ्यातला हा गुलाब वनस्पतिशास्त्रात 'रोझा वेब्बियाना' या नावानं ओळखला जातो. फुलवाल्याकडच्या गुलाबाशी त्याचं रूप अजिबात जुळत नाही. पुरुषभर उंचीचं, अस्ताव्यस्त वाढलेलं झुडूप, सरळ सुईसारखे काटे, बारीक पानं. ऑक्टोबर ते एप्रिल हे झुडूप म्हणजे नुसत्या काटक्या. मे महिन्यात पाटांना पाणी सुटतं, बार्ली पेरली जाते आणि झुडपाला पालवी फुटते. जूनमध्ये मात्र सगळं बदलतं. शेताच्या बांधावर, पाटाच्या कडेला, दगडांच्या राशींमधून, जिथं जरा ओल आहे तिथं हे झुडूप गुलाबी फुलांनी असं भरून जातं की पानं दिसेनाशी होतात. मागे उघडाबोडका तपकिरी डोंगर आणि पुढे हा गुलाबी रंग. लेहहून नुब्राला जाणारे मराठी पर्यटक हल्ली दर उन्हाळ्यात कमी नसतात. पण त्यांचा कॅमेरा असतो दोन मदारींच्या उंटाकडे, वाटेवरचं झुडूप गाडीच्या काचेतून मागे निघून जातं.

रानगुलाबाला पाकळ्या पाचच. हे मूळ रूप. बागेतल्या गुलाबाला ज्या पन्नास-साठ पाकळ्या दिसतात, त्या माणसानं शेकडो वर्षं निवड करत करत वाढवून घेतल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे खरं तर पुंकेसरच, पाकळीचं रूप घेतलेले. फूल देखणं झालं, पण त्याची वंश चालवायची ताकद तेवढी घटली. रानगुलाबाचं तसं नाही. मधोमध पिवळ्या केसरांचा दाट झुबका असतो आणि मधमाश्या त्यात अक्षरशः लोळतात. गंमत म्हणजे त्यांना इथं मध जवळजवळ मिळतच नाही, मिळतो तो पराग. पोळ्यातल्या पिलांचं ते खाणं. एकेक फूल दोन-चार दिवसच टिकतं, पाकळ्या वाऱ्यानं गळून पडतात आणि बहुतेक लोकांच्या लेखी गुलाब तिथं संपतो.

खरं तर गुलाबाचं काम तिथून सुरू होतं.

फुलाच्या बुडाशी एक हिरवा फुगीर भाग असतो. पूजेसाठी किंवा केसांत माळण्यासाठी आपण फूल देठासकट तोडतो, त्यामुळे तो पुढे कसा वाढतो ते घरात कुणी पाहिलेलंच नसतं. पाकळ्या गळल्यावर हा भाग फुगू लागतो, ऑगस्टमध्ये नारिंगी होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लालभडक. इवल्याशा सुरईसारखा आकार, टोकाला वाळलेल्या निदलांची शेंडी. इंग्रजीत याला 'हिप' म्हणतात. मराठीत वेगळा शब्द शोधायची गरज नाही, बोंड हा आपला शब्द इथं चपखल बसतो, कारण गुलाबाची आणि काजूची कथा बरीचशी सारखी आहे. काजूचं रसाळ बोंड हे खरं फळ नव्हे, ते फुगलेलं देठ आहे. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. गुलाबातही तेच. लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली वाटी आहे आणि खरी फळं म्हणजे तिच्या आत दाटीवाटीनं बसलेले कठीण, पिवळसर दाणे.

त्या दाण्यांभोवती बारीक, ताठ केस असतात. हे केस जिभेला, घशाला आणि त्वचेला भयंकर खाज आणतात. इंग्लंडमधली वांड पोरं हीच लव काढून एकमेकांच्या सदऱ्यात टाकत. खाजकुइलीचे प्रताप ज्यांनी शाळेत केले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. लडाखमधली मुलं पिकलेलं बोंड खातात ती वरचा गर दातांनी कुरतडून, आतला ऐवज टाकून देतात.

संत्री मिळेनात तेव्हा

या बोंडाचं खरं मोल जगाला कळलं ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये संत्री-लिंबं येत समुद्रमार्गे. जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि फळांची आवक आटली. मोठ्यांचं कसंबसं भागलं असतं, पण लहान मुलांना 'क' जीवनसत्त्व कुठून द्यायचं? ते मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत, हाडं नीट वाढत नाहीत. शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं ते कुंपणाकडे. तिथं दर शरदात 'डॉग रोझ' नावाच्या रानगुलाबाची बोंडं पिकून पक्ष्यांच्या पोटी जात होती.

१९४१ पासून सरकारनं ही बोंडं गोळा करायची मोहीमच काढली. शाळेतली मुलं, बालवीर, गावोगावची महिला मंडळं टोपल्या घेऊन बाहेर पडली. दर हंगामाला शेकडो टन बोंडं जमू लागली. कारखान्यांत त्यांचं सरबत बनू लागलं आणि बाटल्या तान्ह्या मुलांच्या घरी पोचू लागल्या. बायकांनी घरीही ते केलं. कृती अगदी आपल्या ओळखीची. बोंडं चेचायची, उकळत्या पाण्यात टाकून थोडाच वेळ उकळायची, जाड फडक्यातून गाळायची. चोथा पुन्हा पाण्यात घालून पुन्हा गाळायचं. मग साखर. दोनदा गाळणं हे चवीसाठी नव्हतं, त्या खाजऱ्या केसांसाठी होतं. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं हे सरबत ब्रिटिश घरांत चालू राहिलं.

आकडे पाहिले तर आश्चर्य वाटेल. शंभर ग्रॅम ताज्या रानगुलाबाच्या बोंडांत साधारण चारशे मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व भरतं, जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे त्याहून कमी-जास्त. संत्र्यात ते असतं पन्नासच्या आसपास. माणसाची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमच्या आतली. आपला आवळाही याच पंक्तीत बसतो. म्हणून महाराष्ट्रातल्या गृहिणीनं हे वाचून परदेशी 'रोझहिप टी'चं महागडं पाकीट आणायला धावण्याचं काही कारण नाही. बोंडं सुकवताना 'क' जीवनसत्त्व घटतं, उकळताना आणखी घटतं. पाकिटावरचं चित्र ताज्या बोंडाचं असतं, आतला चुरा ताजा नसतो. चव आवडत असेल तर जरूर प्यावा, छान आंबटसर लागतो. स्वीडनमध्ये तर या बोंडांचं दाटसर सार घरोघरी करतात. पण औषध म्हणून पिणार असाल तर आवळ्याच्या एका फोडीनं ते काम होतं. बोंडं असोत वा आवळे, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र शिजवू नयेत. तांब्याच्या संगतीत हे जीवनसत्त्व भराभर नष्ट होतं.

हल्ली सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात 'रोझहिप ऑइल'च्या छोट्या बाटल्या दिसतात. हे तेल बोंडाच्या गरातलं नसतं, आतल्या दाण्यांतलं असतं. त्यातलं बरंचसं चिली देशातून येतं. तिथं युरोपातून गेलेला रानगुलाब इतका माजला आहे की डोंगरउतार व्यापून बसला आहे. कोरड्या त्वचेला तेल चांगलं. पण 'क' जीवनसत्त्वानं परिपूर्ण अशी जाहिरात दिसली तर हसून पुढे जावं. ते जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेलात नाही.

आपला गुलाब कुठला?

गुलाब बाहेरून आला, मोगलांनी आणला, असं आपण सर्रास म्हणतो. शब्द खरोखर फारसी आहे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. म्हणजे मुळात ते नाव गुलाबपाण्याचं. अत्तराच्या आणि गुलकंदाच्या गुलाबाबद्दल त्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण रानगुलाब या मातीत त्याच्या फार आधीपासून आहेत. संस्कृत ग्रंथांतला 'कुब्जक' म्हणजे हिमालयातला पांढरा वेलीगुलाब, असं अभ्यासक मानतात. त्याचंच आजचं नाव हिमाचलमध्ये कुजा, कुमाऊं-गढवालमध्ये कुंज किंवा कुंजा.

नैनिताल-राणीखेतच्या वाटेवर एप्रिल-मेमध्ये ज्यांनी हा कुंजा पाहिला आहे, त्यांना तो विसरता येणार नाही. वेल झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते आणि तिथून पांढऱ्या फुलांचे घोस खाली सोडते. लांबून वाटावं की झाडावर कुणी धुतलेलं लुगडं वाळत टाकलंय. वास गोड, किंचित लवंगेसारखा, आणि वाऱ्यावर बराच दूर जाणारा. याची बोंडं मात्र वाटाण्याएवढीच, काळपट लाल. पहाडी बायका चाऱ्यासाठी जंगलात जातात तेव्हा याच काटेरी जाळ्यांमधून वाट काढतात. फूल कवींचं, ओरखडे त्यांचे.

आणखी उंचावर एक विक्षिप्त गुलाब भेटतो, रोझा सेरिसिया. साऱ्या गुलाबांना पाच पाकळ्या असताना याला चारच. ओळखायला इतका सोपा गुलाब दुसरा नाही. बंगाल-बिहारच्या पाणथळ जागी पुराच्या पाण्यात उभा राहणारा रोझा क्लिनोफायला हा आणखी एक. गुलाबाच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका असं माळी सांगतो ते याला लागू नाही. आणि मणिपूरच्या डोंगरात तर गुलाबांचा भीमच आहे. जॉर्ज वॅट यांना तो १८८२ साली सापडला. झाडावर पन्नास फूट चढणारी वेल, तळहाताएवढी फुलं आणि छोट्या सफरचंदासारखी जाड पिवळसर बोंडं. आज बाजारात मिळणाऱ्या लांब देठाच्या, निमुळत्या कळीच्या गुलाबांच्या पणज्यांमध्ये याची गणना होते. कोडाईकनालचे निवृत्त सनदी अधिकारी विराराघवन आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनी हे दोन उपेक्षित देशी गुलाब घेऊन नव्या जाती तयार करण्यात आयुष्य घातलं. त्यांतल्या एका पिवळ्या गुलाबाला त्यांनी थोर वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचं नाव दिलं. उष्ण प्रदेशात तग धरणारा गुलाब हवा असेल तर रक्त इथलंच लागणार, हा त्यांचा साधा हिशेब.

रक्ताचा विषय निघालाच आहे तर डॉग रोझची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बहुतेक सजीवांत आईचा निम्मा आणि बापाचा निम्मा वाटा मुलात उतरतो. या गुलाबात गुणसूत्रं ३५. परागातून येतात त्यांतली फक्त ७ आणि आईकडून २८. म्हणजे रोपात चार हिस्से आईचे आणि एक बापाचा. आडनाव कुणाचं लावायचं हा प्रश्न गुलाबांत निघाला असता तर लगेच निकाली निघाला असता.

काट्यांचंही एक आहे. लिंबाचा काटा खोडातून येतो, तो मोडला तर आतलं लाकूड लागतं. गुलाबाचा काटा नुसता सालीवरचा उंचवटा असतो. हार करणाऱ्या बाया अंगठ्यानं बाजूला दाबून तो टचकन उडवतात, ते उगीच नव्हे.

हिवाळ्यातलं झुडूप

नुब्रामध्ये पीक निघालं की थंडी झपाट्यानं उतरते. एकदोनदा कडक हिमतुषार पडले की बोंडं मऊ होतात आणि गोडी वाढते. याच दिवसांत झुडपं तोडलीही जातात. दगडी कुंपणाच्या माथ्यावर काटेरी फांद्या रचून ठेवल्या की याक-शेळ्या शेतात शिरत नाहीत. उरलेलं सरपण. झाडच मुळात दुर्मीळ असलेल्या मुलखात काटक्यांनाही किंमत असते आणि कुणी ती झुडपं तोडतं म्हणून घरबसल्या नाक मुरडण्यात अर्थ नाही. खोऱ्यातल्या सी-बकथॉर्नच्या आंबट फळांना निदान बाजार मिळाला. लेहमधल्या संरक्षण प्रयोगशाळेनं त्यांचा रस टिकवायची पद्धत काढली आणि 'लेह बेरी' नावानं तो विकला गेला. शेजारीच पिकणाऱ्या गुलाबाच्या बोंडाला तेवढं नशीब अजून लाभलेलं नाही. हातात पैसा येण्याची जुनी वाट अजून वरच्या बर्फाकडेच जाते. नुब्राच्या गावांमधली कितीतरी मुलं लष्कराचे हमाल म्हणून सियाचीनवर सामान वाहतात, प्रसंगी हिमभेगेतून माणसं ओढून काढतात. घरच्या बायका तोवर शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळतात.

डिसेंबरात सगळं खोरं पांढरं होतं. त्या पांढऱ्यावर काटक्या आणि त्यांना धरून राहिलेली सुरकुतलेली लाल बोंडं एवढाच रंग शिल्लक असतो. कस्तूर कुळातले पक्षी ती गिळतात. त्यांना त्या खाजऱ्या केसांचं काही वाटत नाही. गर पचतो, कठीण दाणे विष्ठेबरोबर कुठंतरी दूर पडतात. मात्र दाणा पडला म्हणजे लगेच रुजला असं होत नाही. गुलाबाच्या बीला आधी थंडी खावी लागते. पुष्कळदा एका हिवाळ्यानंही तिचं भागत नाही आणि कोंब दिसायला दुसरा वसंत उजाडावा लागतो.

ज्यांना हे घरच्या कुंडीत पाहायचं असेल त्यांनी देशी, कमी पाकळ्यांच्या गुलाबाचं एखादं फूल तोडायचा मोह आवरावा. माळी ओरडेल, बोंड धरलं की झाड पुढची फुलं कमी देतं म्हणून. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण एकाच फांदीचा प्रश्न आहे. औषध फवारलेलं झाड असेल तर ते बोंड तोंडात मात्र घालू नये.